आतड्यासकट

हसू नका. चवरीनं आपली कहाणी सांगायची म्हणजे केरसुणीनं कीर्तन करायचं, असं तुमच्या मनात आलं असणार. माशा वारायच्या, वारा घालायचा आणि काम झालं की गुंडाळून पडायचं, एवढंच आमचं आयुष्य. तसं ते खरंही आहे. पण मी नुसती पिसांची चवरी नाही. माझ्या दांड्यात हाड आहे.

ते हाड काहेले राणीचं. आमच्या बेटावरच्या लाहाइना बंदराच्या किनाऱ्यावर तिचा असा वचक होता, की ती झोपली की लाटासुद्धा हळू फुटतात, असं लोक म्हणत. आता लोक काय, काहीही म्हणतात. ती गेली तेव्हा तिची हाडं तिच्या माणसांनी डोंगरातल्या गुहेत लपवली, कारण मोठ्या घरातलं हाड वैऱ्याच्या हाती लागलं तर तो त्याचा मासे धरायचा गळ करतो. तेवढं एक मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड तिच्या लेकीनं ठेवून घेतलं. म्हणाली, ‘आईचा हात घरात राहू दे.’ त्यावर कासवाच्या पाठीच्या चकत्या ओवल्या, घासूनघासून आरसा केला, आणि मी जन्मले.

पिसं आली ओल्या रानातून. पारधी झाडाच्या फांदीला चीक लावून बसायचा, पाखरू चिकटलं की दोन पिवळी पिसं उपटून घ्यायचा आणि पाखराला सोडून द्यायचा. पाखरू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उडून जायचं. आमच्यात पिसं कायमची बांधत नाहीत. जन्म असो, लग्न असो, मौत असो, तेवढ्यापुरती बांधायची. मग सोडून दुधी भोपळ्याच्या भांड्यात ठेवायची आणि दांडा झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळायचा. त्यामुळं मी किती वेळा मेले आणि किती वेळा उठले, याची मला मोजदाद नाही.

माझी खरी गोष्ट आहे ती काहेलेच्या दोन पणत्यांची.

थोरली नाहोआ. राजाच्या नात्यातली, अंगानं आडदांड, आवाज असा की डोंगरावर बोलली तर खाली होडीतल्या माणसानं उत्तर द्यावं. लाटेवर फळी घेऊन उभी राहायची तेव्हा सगळा किनारा बघायला जमायचा. धाकटी लेइहुलू. नावाचा अर्थ पिसांची माळ, आणि अंगानंही तशीच हलकी. ती गोऱ्या पाद्रीणबाईंच्या शाळेत गेली, शिवण शिकली, गळ्यापर्यंत बटणं लावायला शिकली. आई लहानपणीच गेली, म्हणून दोघी एकाच भांड्यातली पोई बोटानं चाटत वाढल्या. पोई म्हणजे अळकुड्या कुटून केलेला आंबूस लगदा. नाहोआ नेहमी जास्त चाटायची आणि वर धाकटीलाच म्हणायची, “हावरट कुठली!”

नाहोआला दोन नवरे झाले, पण पाळणा हलला नाही. एक नवरा समुद्रात गेला, दुसरा दारूत. आणि मग लेइहुलूचं लग्न होऊन तिला दिवस गेले.

आमच्या बेटावर मूल एकट्या आईबापाचं नसतं. आजी मागते, मावशी मागते, आणि मागितलं की द्यावं लागतं. नाही म्हटलं तर ते मुलाच्या जिवावर येतं अशी भीती. देतात तेही प्रेमानं. मोठ्या घरांची नाती याच धाग्यांनी शिवलेली. तेव्हा नाहोआ आता मूल मागणार, हे सगळ्या गावानं गृहीत धरलं होतं.

नाहोआनं मागितलं नाही.

तिचा मानी स्वभाव आड आला. मागितलं आणि बहिणीनं रडत दिलं तर? इकडे लेइहुलूचं वेगळंच होतं. पाद्रीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की मूल जन्मदात्या आईच्या मांडीवरच वाढावं. ते तिला पटलं होतं, पण बहिणीला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. ताईनं मागू नये एवढीच ती मनात घोकत होती. दोघी समोरासमोर बसून मासे खायच्या, गावाच्या चहाड्या करायच्या, आणि मधे तो विषय तसाच पडलेला असायचा.

बाळंतपणाच्या दिवशी वारा सुटला होता. बंदरात देवमासे मारणाऱ्या गोऱ्यांचं एक जहाज उभं होतं. भर दुपारी त्याची डोलकाठी कडाडून मोडली आणि पडली. इकडे लेइहुलू चटईवर गुडघे टेकून ओरडत होती. पुहाला नावाची म्हातारी दासी मला घेऊन तिच्या अंगावरचा घाम वारत होती. बाकी बायकांना नाहोआनं बाहेर हाकललं होतं. आत होत्या त्या दोघी, पुहाला, आणि मी.

लेइहुलूला सोसवेना. तेव्हा नाहोआ तिच्यासमोर बसली, तिचे दोन्ही हात धरले. आमच्याकडे जिवाभावाची बाई बाळंतिणीची कळ स्वतःवर मागून घेऊ शकते. नाहोआनं तेच केलं.

“दे. मला दे,” ती म्हणाली. “माझी लाडकी, कशाला सोसतेस? सगळं मला दे.”

आणि लेइहुलू ओरडली, “घे! घे गं बाई! तुझंच हे. गुवामुतासकट, आतड्यासकट घे!”

पुहालाचा हात थांबला. मीही हवेत थांबले.

तुम्हाला वाटेल, कळा देताना बाई काय वाट्टेल ते बोलते. पण आमच्याकडे हे शब्द कुणी वाट्टेल तेव्हा बोलत नाही. मूल कायमचं देताना म्हणायचे तेच हे शब्द. ‘हे मूल तुझं, गुवामुतासकट, आतड्यासकट.’ एकदा तोंडातून गेले की ते आई मागे घेऊ शकत नाही, राजाही फिरवू शकत नाही.

लेइहुलूला बोलल्याचं भान नव्हतं. पण तिची कळ खरंच उतरली. आणि नाहोआ पोट धरून जमिनीवर आडवी झाली. ती धिप्पाड बाई, जिनं खडकावर आपटून खांदा निखळला तरी हूं केलं नव्हतं, ती दात चावत कण्हत होती. बाहेरचे पुरुष म्हणाले, “बाळंत नक्की कोण होतंय?” आणि हसले. मूल जन्मलं तेव्हा लेइहुलू अर्धवट झोपेत होती आणि नाहोआ घामानं निथळत होती. हे मी पाहिलेलं आहे.

मुलगी झाली. डोलकाठी मोडली त्या दिवशीची, म्हणून नाव ठेवलं केकियाहाकी, मोडकी डोलकाठी. आमच्याकडे नावं अशीच ठेवतात. राजकन्या असली म्हणून काय झालं! सगळे तिला किया म्हणू लागले.

नाळ पुरल्यावर नाहोआनं होडी तयार करायला सांगितली. लेइहुलू पोरीला पाजत होती.

“ताई, कुठे निघालीस?”

“घरी. कियाला घेऊन. दूध पाजणारी बाई बघून ठेवलीय.”

लेइहुलू हसली. तिला थट्टा वाटली. “तिला कुठे नेतेस? ती माझ्याजवळ राहील.”

“तू दिलीस मला. शब्द बोलून दिलीस. आतड्यासकट घे म्हणालीस.”

“मी? कधी? मला काही आठवत नाही.”

“न आठवायला काय झालं? पुहालानं ऐकलंय.”

लेइहुलूनं पोरीला छातीशी आवळलं. मग हळूच म्हणाली, “मी बोलले असेन. पण ताई, तू काय मागितलं होतंस? मी घे म्हणाले, ते कशाला?”

हा खरा प्रश्न होता. उत्तर तिघींना ठाऊक होतं: नाहोआला, पुहालाला आणि मला. नाहोआनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पुहालाच्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाली, “मूल.”

“पुहाला, ताईनं मूल मागितलं होतं?”

पुहाला म्हातारी होती, पण मूर्ख नव्हती. दोन राजकन्यांच्या भांडणात दासीचा भुगा होतो हे तिला पक्कं ठाऊक. “माझ्या कानात समुद्र भरलाय, बाई,” ती म्हणाली. “मला आता काही ऐकू येत नाही.” आणि ती मला जोरजोरानं हलवू लागली. खोलीत एकही माशी नव्हती.

मला काय वाटलं, सांगू? मला ओरडावंसं वाटलं. ‘तिनं कळ मागितली होती, मूल नाही!’ एवढं एकच वाक्य. काहेले राणीचं हाड माझ्यात आहे, पण तिची जीभ नाही. आणि दुसरं असं, की नाहोआ ‘सगळं मला दे’ म्हणाली होती. त्या ‘सगळं’मध्ये तिच्या मनात काय काय होतं, हे मी तरी कोणत्या तोंडानं सांगणार होते? तिनं कळ घेतली होती हेही खोटं नव्हतं.

होडी निघाली. कियाबरोबर पुहाला गेली आणि मीही, कारण पोरीच्या डोक्यावर वारा घालायला मी हवी होते. लेइहुलू कंबरभर पाण्यात येऊन उभी राहिली. तिच्या अंगावरचा तो गळाबंद झगा पाण्यावर फुगला होता.

पुढची वर्षं वाईट गेली असं म्हणता येणार नाही. नाहोआनं कियाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. चालायच्या आधी पोहायला शिकवलं. लेइहुलू दर सणाला यायची, पोरीसाठी झगे शिवून आणायची, आणि दोघींची जुंपायची.

“काय हे हिचे केस! जंगल झालंय. शाळेत घाल तिला.”

“घालते की. मग तुझ्यासारखी होईल. पायाला खेकडा चावला तरी आधी पुस्तकात बघेल, ओरडावं की नाही ते.”

“निदान अंगभर कपडे तरी घालेल.”

“आणले आहेस ना तू पोतंभर? त्यातला एक मी घालते. बघू, बटणं उडतात की मी गुदमरते.”

मग दोघी हसायच्या. हसता हसता लेइहुलू कियाच्या केसांतून हात फिरवायची आणि नाहोआचं हसू आधी थांबायचं. जाताना प्रत्येक वेळी लेइहुलू पुहालाजवळ रेंगाळायची. “काही आठवलं का गं?” पुहाला कानाकडे बोट दाखवायची.

कियाची मात्र चंगळ. आमच्या भाषेत आई आणि मावशी यांना शब्द एकच. तुमच्यात म्हणतात ना, माय मरो आणि मावशी उरो? आमच्याकडे मुळात दोघी एकाच नावाच्या. एका आईनं रागावलं की पोर दुसऱ्या आईकडे जाऊन सांगायची, “आईनं मला मारलं.” आणि ती आई म्हणायची, “कुठाय ती आई, तिला बघते!” किया सगळ्यांना सांगायची, की मला दोन आया आहेत. खरं तर त्या दोघींत तिला वाटून घेणं चाललं होतं, आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

मग गोवर आला.

जहाजातून आला, घराघरांत शिरला. आमच्या माणसांच्या अंगाला हा आजार माहीत नव्हता. रडायलाही माणसं उरेनात. माझी पिसं त्या दिवसांत कुणी सोडलीच नाहीत. एका मढ्याकडून दुसऱ्याकडे मला नेत राहिले. पुहालालाही ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “लेइहुलूला बोलवा. मला ऐकू आलं होतं.” माणूस होडी घेऊन गेला. लेइहुलू आली तोवर पुहालाच्या तोंडावर कापड टाकलेलं होतं.

आणि आत किया तापानं फणफणली होती.

गावच्या जाणत्या वैदूनं पोरीच्या पोटावर हात ठेवला, दोघींकडे पाहिलं, आणि तोंडावर सांगितलं, “औषध काय देऊ? हिच्यावरून ओढाताण चाललीय. दोघी ओढता आणि दोरी तुटायला आलीय. एकीनं सोडा. मनापासून सोडा.” आणि तो पुढच्या घरी गेला, कारण पुढच्या घरी तिघं पडले होते.

दोघी पोरीच्या दोन बाजूंना बसल्या. किया ग्लानीत म्हणाली, “आई!” दोघींच्याही तोंडून एकदम “ओ” निघालं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती कुणाला हाक मारत होती, कुणाला कळणार!

पुहाला गेली होती, म्हणून वारा घालायला नाहोआनंच मला उचललं. ती वारा घालू लागली. मग म्हणाली, “लेइहुलू, ऐक. त्या दिवशी मी तुझ्याकडे...”

“नको, ताई. तू काही बोलू नकोस.” लेइहुलूनं तिला हातानं अडवलं. “आजवर मी मनातल्या मनात हिला ओढत आले. प्रत्येक झग्याच्या टाक्यागणिक ओढली. त्या दिवशी मी शुद्धीत नव्हते. आज आहे.” तिनं कियाचा पाय उचलून नाहोआच्या मांडीवर ठेवला. “हे मूल तुझं. गुवामुतासकट, आतड्यासकट.”

ती रडली नाही. आवाजही कापला नाही. आतडं मात्र तिचं तुटत होतं; समोर बसलेल्याला ते दिसत होतं.

नाहोआचं तोंड उघडंच राहिलं. तिला खरं सांगायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं. एक शब्द बोलली असती तर लेक आईला मिळाली असती. मी तिच्या मुठीत होते. निसटून पडावं, खणकन आवाज व्हावा, काहीतरी व्हावं, असं मला इतकं वाटलं! पण चवरीला आपण होऊन पडताही येत नाही. नाहोआनं कियाच्या तापलेल्या पायाकडे पाहिलं, तोंड मिटलं, तो पाय मांडीवर घट्ट धरला आणि म्हणाली, “घेतली.”

किया वाचली. शब्दांनी वाचली की तिच्या अंगातल्या बळानं, ते मला ठाऊक नाही. शेजारच्या घरातले तिघंही गेले, आणि तिथे कुणी कुणाला ओढत नव्हतं.

त्यानंतर लेइहुलू झगे पाठवायची, स्वतः यायची नाही. आणि नाहोआ लाटांवर जायची बंद झाली. पोरीकडे बघता बघता एकदम उठून बाहेर जायची. कियाला वाटायचं, आपलं काही चुकलं.

किया वयात आली त्या वर्षी नाहोआचं अर्धं अंग गेलं. वाचाही गेली. तो दणदणीत आवाज जो डोंगरावरून होडीपर्यंत जायचा, त्याचा नुसता गूं गूं उरला. मी तिच्या उशाशी होते. एक दिवस तिनं चांगल्या हातानं मला ओढून घेतलं. दांडा आपल्या पोटावर आपटला, मग माझं टोक समुद्राकडे केलं, लेइहुलूच्या गावाकडे. मग कियाच्या छातीवर टेकवलं. पुन्हा पोटावर, पुन्हा समुद्राकडे, पुन्हा कियाकडे.

मला सगळं कळत होतं. ‘मी कळ मागितली होती. तू तिची आहेस.’ बाई जिवाच्या आकांतानं सांगत होती.

“आईला माशा लागताहेत,” एक दासी म्हणाली, आणि मला तिच्या हातातून घेऊन वारा घालू लागली.

“नाही गं, पोटाकडे दाखवतेय. भूक लागली असेल,” किया म्हणाली. तिनं भांडं आणलं आणि बोटानं पोई भरवली. नाहोआच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोई गिळत होती. दुसरं काय करणार! एक मुकी दुसऱ्या मुकीच्या तोंडून बोलू बघत होती. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

अंत्यविधीसाठी माझी पिसं नव्यानं बांधली. शवपेटीच्या उशाशी किया मला घेऊन उभी राहिली. लेइहुलू आली. आमच्या रीतीप्रमाणे दारातूनच टाहो फोडत आली, बहिणीच्या अंगावर पडून रडली, पोईच्या भांड्यापासून सगळ्या आठवणी काढून रडली. “हावरट कुठली! मलाही न विचारता गेलीस!” म्हणाली.

सगळं झाल्यावर किया तिच्यापुढे उभी राहिली. “आता तुला काय म्हणू?”

“म्हणत आलीस तेच. शब्द कुठे दुसरा आहे?”

“मग मला तुझ्या घरी ने.”

लेइहुलूनं तिच्या गालाला हात लावला. “ते नाही जमायचं, बाळा. मी तुला देऊन बसलेय. दिलेलं मूल परत घेतलं तर ते मुलाच्या जिवावर येतं. मी एकदा तुला तापात बघितलंय.” आणि ती निघून गेली. प्रेमापोटी गेली, हे कियाला कसं कळावं? किया त्या मोठ्या घरात दासींच्या गराड्यात एकटी राहिली.

त्या संध्याकाळी पिसं सोडायला किया स्वतःच बसली. एकेक पिसांचा झुबका सोडून भांड्यात ठेवत होती. शेवटी नुसता दांडा उरला. तिनं तो गालाशी धरला.

“पुहाला सांगायची, की मी जन्मले तेव्हा तू तिथे होतीस,” ती म्हणाली. “मला एवढंच सांग. आईनं मला दिलं, ते नको होते म्हणून दिलं का?”

तिनं वाट पाहिली. खरंच पाहिली; लहान मुलं पाहतात तशी. मग मला कापडात गुंडाळलं.

यापुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. लेइहुलू गेली. किया म्हातारी होऊन गेली. तिनं स्वतःचं एकही मूल कुणाला मागू दिलं नाही, लोक तिला कंजूष म्हणायचे. घर मोडलं, मी हातोहात फिरले, आणि आता काचेच्या पेटीत उभी आहे. पिसं कायमची बांधली आहेत. ती सोडायची असतात हे इथल्यांना कुणी सांगितलेलं नाही. समोरच्या पाटीवर लिहिलंय की मी समारंभाची वस्तू आहे. कधी कधी एखादी मुलगी येऊन उभी राहते, नाहोआसारखी रुंद खांद्यांची, आणि काचेला हात लावते. पहारेकरी तिला मागे सरायला सांगतो.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात असेल तर एवढं करा. पिसं ठेवायची तर ठेवा. पण ते हाड बाहेर काढा आणि लाहाइनाच्या मातीत द्या. काहेलेचा हात फार वर्षं घरात राहिला, आणि त्याला काहीही करता आलं नाही.

मला वाचा फुटली, पण विचारणारी गेली. तरी सांगते. किया, तू नको होतीस असं नव्हतं. त्या दिवशी नाहोआनं फक्त कळ मागितली होती गं, आणि तुझ्या आईनं फक्त कळच दिली होती.